अडीच अंशांचा पीळ

सात मीटर लांबीचं ओकचं मेज मधोमध कापलं की साडेतीन मीटरची दोन मेजं होतात. मार्सोलिए घराण्याच्या वाटणीत एवढं एकच गणित बरोबर सुटलं.

नांगराच्या पात्याला पीळ नसेल तर माती नुसती चिरली जाते, पलटत नाही.

सोलांजचं वजन चोपन्न किलो. बुटांसकट.

थोरल्या मार्सोलिएंच्या हातात कायम खडू असे. फळीवर 'गाठ' लिहिलं की गाठ काढायची. 'बाक' लिहिलं की बाक काढायचा. 'पीळ' लिहिलं की पीळ काढायचा, आणि तो आतापर्यंत का राहिला होता याचं उत्तर तयार ठेवायचं. कौतुकाचा शब्द त्यांनी खडूने कधी लिहिला नाही. खडू झिजतो.

मोहरीतला ससा शिजायला दीड तास लागतो.

दहा पाचरी. पहिली तीन मिलिमीटर जाडीची, दुसरी सहा, अशा चढत चढत दहावी तीस.

पाच वर्षं जर्मनांच्या कैदेत बटाटे सोललेल्या माणसाच्या अंगणात अठरा वर्षांनी एका भंगार जर्मन मोटारीचं इंजिन येऊन बसतं, आणि तो त्याला रोज स्वतःच्या हाताने तेल पाजतो.

०

तर १९६३ च्या मार्चमधला रविवार, अंगण, आणि अंगणाच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन दारं. डावीकडचं आर्सेनच्या कारखान्याचं, उजवीकडचं ब्लेझच्या. दोघे सख्खे भाऊ, दोघे सुतार, आणि ते खडूवाले वडील गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, दोघांत एक शब्द नाही. साँ-व्हेराँ गावातल्या लोकांना याची इतकी सवय झाली होती की कपाट हवं असेल तर एका दारात जात आणि त्याचं कुलूप नीट लागत नाही हे सांगायला दुसऱ्या.

अंगणाच्या मध्यावर, सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर, विमानाचं धड. पुढे अठ्ठावन्न सेंटिमीटर रुंद, मागे निमुळतं होत होत पंजाएवढं. स्प्रूस लाकडाच्या चार लांब पट्ट्या आणि त्यांवर पातळ प्लायवूड. इंजिन अजून कोपऱ्यात, आर्सेनच्या तेलाच्या डब्याशेजारी. या घराण्याने तीन पिढ्या कपाटं आणि शवपेट्या बनवल्या असल्यामुळे आकाराचं कुणाला नवल वाटलं नाही. ब्लेझची बायको मातिल्द पहिल्यांदा ते पाहून म्हणाली होती, "हे तर आपलं नेहमीचंच. फक्त झाकणाला भोक ठेवलंय."

धड सोलांजने स्वतः केलं होतं. ती आर्सेनची मुलगी, वय सत्तावीस, आई नाही, नवरा नाही (यातल्या दुसऱ्या गोष्टीचं दुःख गावाला जास्त), आँजेच्या नांगर-कारखान्यात नकाशे काढते. पंख मात्र तिने वाटून दिले. डावा बाबांना, उजवा काकांना. कारण सोपं होतं: तीन मीटर वीस सेंटिमीटरचा पंख साडेतीन मीटरच्या मेजावर मावतो, आणि तशी मेजं घरात दोनच. दुसरं कारण तिने कुणाला सांगितलं नाही. दोन्ही पंख एकाच धडाला लावायचे म्हटल्यावर भावांना कधीतरी अंगणात यावंच लागेल, असं तिला वाटलं होतं. नकाशे काढणाऱ्या माणसांना असं काहीतरी वाटत असतं.

"सोलांज," आर्सेन म्हणाला, "तुझ्या काकांना सांग, आधी डावा बसेल. थोरल्याचा."

ब्लेझ सहा पावलांवर होता. "सोलांज, तुझ्या बाबांना सांग, पंखांत थोरला-धाकटा नसतो. डावा-उजवा असतो."

"बाबा, काका म्हणतात..."

"ऐकलं मी. मी काही बहिरा नाही."

"मग मी मध्ये कशाला उभी आहे?"

"मध्ये कुणीतरी लागतंच," ब्लेझ म्हणाला. "तुझ्या बाबांना सांग, धड जरा आपल्याकडे ओढून ठेवलंय त्यांनी. बोटभर."

"धड मी ठेवलंय, काका."

"मग त्यांच्याकडूनच शिकलीस."

डावा पंख आला. उजवा आला. आणि मग एक अशी गोष्ट झाली जिची कुणी तयारी केली नव्हती: दोन्ही पंख बसले. सहा वर्षं न बोललेल्या दोन माणसांनी दोन बंद दारांमागे केलेल्या कामाची भोकं भोकांसमोर आली आणि बोल्ट बोटाने ढकलले तरी आत गेले. हातोडा घेऊन उभा असलेला आर्सेन तो हातोडा कुठे ठेवावा हे न कळून तसाच उभा राहिला. ब्लेझने नाक शिंकरलं.

"जेवायला चला," मातिल्द म्हणाली. खरं तर ससा अजून अर्धा तास हवा होता.

०

सोलांजच्या वहीतून, मागच्या वर्षीची पानं:

एका माणसाचं विमान काढायचं तर सुरुवात त्या माणसापासून. मी: चोपन्न किलो, खांदे अडतीस सेंटिमीटर. माझ्याभोवती धड. पुढे इंजिन, मागे शेपूट. इंजिन नाक खाली ओढणार, शेपूट मागे ओढणार, मी मध्ये बसून दोघांना तोलायचं. घरी हाच सराव आहे.

पंख: टोकापासून टोकापर्यंत सात मीटर, रुंदी सगळीकडे एक मीटर चाळीस. निमुळते पंख देखणे दिसतात, पण मग प्रत्येक बरगडी वेगळी. बाबा आणि काकांना बावीस वेगळ्या बरगड्या दिल्या तर बावीस भांडणं. सगळ्या सारख्या दिल्या तर एक.

पंख जाडच ठेवायचा. पातळ पंख वेगासाठी. मला वेग नको आहे, मला परत यायचं आहे.

टोकाला पीळ, अडीच अंश, टोकाचं नाक खाली. वेग कमी झाला की वारा पंखाला सोडतो. कुठूनतरी सोडणारच. त्याने धडाजवळ आधी सोडावं, टोकाजवळ शेवटी. विमान एका अंगावर कलंडलं तर सावरणाऱ्या फळ्या टोकाशीच आहेत. टोकाशी वारा असला तर त्या चालतील. त्या चालल्या तर मी आहे.

पंखाच्या लांबीत दोन तुळया, पुढे एक, मागे एक. पीळ साधण्यासाठी मागच्या तुळईखाली पाचरी, टोकाकडे चढत्या. प्रत्येकाला एक डबा, आकडे घालून.

०

जेवताना मातिल्द कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हती. आर्सेन आणि ब्लेझ मेजाच्या दोन टोकांना बसले होते, म्हणजे मधली सगळी वाढणी तिच्यावर, आणि निरोपांची जबाबदारी सोलांजवर.

"सोलांज, मीठ दे म्हणावं."

"काका, मीठ."

"तुझ्या बाबांना सांग, चव घेऊन बघा आधी. माझ्या बायकोच्या हाताला मीठ असतं."

मातिल्दच्या हाताला काय काय होतं हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. पंखांवर लिनन ताणून बरगड्यांना शिवायचं काम तिच्याकडे होतं. तीन आठवड्यांपूर्वी मापं घ्यायला तिने कापड आधी भाऊजींच्या पंखावर पांघरलं. टोकाकडे ते थोडं वळलं, झोपलेल्या माणसाने खांदा फिरवावा तसं. मग तेच कापड उलटून आपल्या नवऱ्याच्या पंखावर घातलं. ते चर्चमधल्या वेदीवरच्या वस्त्रासारखं सपाट पडलं. एक सुरकुती नाही.

"भाऊजींचा टोकाला वळलाय," ती म्हणाली होती.

"दादाला सरळ कधी जमलंय?" ब्लेझ म्हणाला होता, आणि पुन्हा शीळ घालू लागला होता.

मातिल्द चाळीस वर्षं कापड शिवते. डावी बाही वळते आणि उजवी वळत नाही, तर चूक शिंपिणीची नसते, कापणाऱ्याची असते. पण दोघांतल्या कोणत्या कापणाऱ्याची? ती पुतणीला विचारू शकली असती. पुतणीने तिला 'काकू, कापड नऊ मीटर लागेल' याखेरीज वर्षभरात काही सांगितलं नव्हतं. शिवणाऱ्या बाईला आणखी काय सांगायचं असतं? मातिल्दने तोंडात टाचण्या धरल्या, आणि मग त्या काढल्याच नाहीत.

"काकू, ससा फार छान झालाय," सोलांज म्हणाली.

"कच्चा आहे," मातिल्द म्हणाली.

०

दुपारी सोलांजने पाणसळ घेतली. धड घोड्यांवर आडवं समतल करून घेतलं होतं. एका लाकडी पट्टीला तिने बरोबर अडीच अंशांचा उतार तासला होता, त्यावर पाणसळ ठेवायची, की टोकाशी बुडबुडा मध्यावर यायला हवा. डावं टोक: बुडबुडा मध्यावर. ती उजवीकडे आली. बुडबुडा एका कडेला जाऊन चिकटला. तिने पट्टी उचलली, पुसली, परत ठेवली. मग पट्टी काढून नुसती पाणसळ ठेवली. बुडबुडा ऐटीत मध्यावर येऊन बसला.

"मिळणार नाही," ब्लेझ मागून म्हणाला. त्याच्या आवाजात सहा वर्षांचं सुख होतं. "शोध हवा तेवढा. एक केसभरही मिळणार नाही."

"काका, पाचरी कुठे आहेत?"

"कुठल्या पाचरी?"

"डब्यात दहा दिल्या होत्या."

"त्या होय. जाळल्या. छान वाळलेल्या होत्या, लगेच पेटल्या." तिचा चेहरा बघून तो थोडा मऊ झाला. "अगं, त्यांची गरजच पडली नाही. माझं मेज आरशासारखं आहे. ज्याचं वाकडं असेल त्याने पाचरी लावाव्या."

"मी नकाशावर लिहिलं होतं."

"वाचलं की. 'टोकाला पीळ, अडीच अंश.' तू नसतंस लिहिलं तरी मी काढला असता."

सोलांजने पाणसळ उचलली. तिच्या कारखान्यात पीळ हे माप होतं. नांगराच्या नकाशावर पीळ लिहिला नाही तर साहेब कागद परत पाठवायचे. तिने तो शब्द लिहिला तेव्हा तिला आजोबा आठवले नाहीत. आणि ब्लेझने तो वाचला तेव्हा त्याला दुसरं कुणीच आठवलं नाही. कुणाला तरी विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे, दादाला माहीत असलेली एखादी गोष्ट आपल्याला माहीत नाही असं मान्य करायचं. त्यापेक्षा तीन महिने रंधा मारलेला बरा.

विमानाच्या बाजूने बघितलं तर परिस्थिती अशी: सरळ पंख जास्त उचलणार, म्हणून वेगात असताना विमान आर्सेनच्या बाजूला झुकणार. वेग कमी झाला की सरळ पंखाच्या टोकाला वारा आधी सोडणार, म्हणून उतरताना ते ब्लेझच्या बाजूला कोसळणार. दोघांचाही मान राखणारं विमान या घराण्याने प्रथमच बनवलं होतं.

हे सोलांजने साध्या शब्दांत सांगितलं. मग आर्सेनने हातातला हातोडा घोड्यावर ठेवला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा मधल्या माणसाशिवाय बोलला.

"ब्लेझ. तू काढलास?"

"काढला," ब्लेझ म्हणाला. "आणि दादा, तू तसाच ठेवलास?"

"पोरीने ठेवायला सांगितला."

"आणि ठेवलास. बाबांच्या मेजावर. पीळ असलेला पंख."

आर्सेन जमिनीकडे बघत होता. "महिनाभर झोप नाही मला," तो म्हणाला. "रोज सकाळी दार उघडताना वाटायचं, बाबा आत उभे असतील. खडू घेऊन."

"असणारच की."

"मी त्याच्यावर पोतं टाकून ठेवायचो. कुणी गिऱ्हाईक आलं तर दिसू नये म्हणून."

"मीही तेच केलं असतं, दादा."

मातिल्दच्या डोळ्यांत पाणी आलं. सोलांजच्याही येणार होतं, पण तेवढ्यात आर्सेन म्हणाला, "माझाही काढता येईल. पुढचं प्लायवूड सोडवायचं, मागची तुळई खाली बसवायची. चार दिवस."

"मी आलो तर तीन," ब्लेझ म्हणाला.

"येशील?"

"मग काय."

"दोन्ही सरळ झाले की झुकायचा प्रश्नच नाही. दोन्हीकडे सारखं."

"सारखं. जोडीचं काम."

सहा वर्षांत न झालेला समेट पाच मिनिटांत झाला. अट किरकोळ होती.

"बाबा," सोलांज म्हणाली, "दोन्ही सरळ झाले तर दोन्ही टोकांना वारा आधी सोडेल. नेमका कुठल्या बाजूला, ते मला खाली पडताना कळेल."

"तू हळू उडूच नकोस," आर्सेन म्हणाला.

"आणि उतरू कशी?"

"वेगात उतर."

"मैदान किती लांब आहे?"

"चारशे मीटर," ब्लेझ म्हणाला. "पुढे कालवा आहे." मग त्याला वाटलं हे सांगायला नको होतं. "पण कालवा उथळ आहे."

"ठीक आहे. मग माझी काही हरकत नाही. तुम्ही दोघे बसा आणि वेगात उतरा. जागा एकाचीच आहे, पण तुम्हाला वाटून घ्यायची सवय आहे. मधोमध कापा."

"तोंड सांभाळून बोल," आर्सेन म्हणाला.

"थोरल्यांसमोर," ब्लेझने जोड दिली. दोघे आता एका अंगाला उभे होते, हाताच्या घड्या एकसारख्या, आणि पहिल्यांदाच कुणालाही दिसलं असतं की ते भाऊ आहेत. "उद्या सकाळी विमान-खात्याचे तपासनीस येतायत ना, कापड चढवण्याआधी लाकूड बघायला? ते बघतील. शिकलेला माणूस आहे. ते म्हणाले चालेल, तर चालेल."

"ते सरस नीट चिकटलाय का बघतात. सांधे बघतात. पीळ मोजत नाहीत."

"म्हणजे पिळाला काही महत्त्व नाही," आर्सेन म्हणाला. "सरकारलाही नाही."

"मी कापड शिवणार नाही," मातिल्द म्हणाली.

ती दारात उभी होती, हातात बशा. तिघांनी वळून पाहिलं, खुर्ची बोलल्यावर पाहतील तसं.

"कुठलं कापड?" ब्लेझने विचारलं.

"तुमच्या पंखावरचं. भाऊजींचा तुम्ही दोघांनी सरळ केलात तर त्याच्यावरचंही नाही. कापडाशिवाय उडवून बघा."

"तुला यातलं काय कळतं?"

"मला तीन आठवड्यांपासून कळतंय. कापड टाकलं तेव्हाच. डावा वळतोय, उजवा वळत नाही."

ब्लेझने तोंड उघडलं, पण सोलांज आधी बोलली. "तीन आठवडे? आणि गप्प बसलात, काकू?"

"बसले."

"का?"

मातिल्दने बशा घोड्यावर ठेवल्या, हातोड्याशेजारी. "तुझे काका शीळ घालत होते," ती म्हणाली. "सासरे गेल्यापासून घातली नव्हती. मला वाटलं, अजून थोडे दिवस घालू देत."

"माझ्या दफनाच्या वेळीही घातली असती त्यांनी?"

"सोलांज," आर्सेन म्हणाला.

"नाही, राहू द्या भाऊजी. बरोबर विचारते आहे ती." मातिल्दचा चेहरा पांढरा पडला होता पण आवाज सरळ होता. "मी गप्प बसले ही माझी चूक. तिचा जीव मी शिळेवर टाकला. आता मी कापड शिवणार नाही, आणि कुणाला शिवूही देणार नाही. लाज वाटते म्हणून म्हणत नाहीये. शिंपीण म्हणून म्हणते आहे."

ब्लेझ आपल्या दारातून आत गेला आणि दार लावून घेतलं. आर्सेन क्षणभर थांबला, आणि मग, ज्याची आठवण गाव अजून काढतं, भावाच्या दारातून त्याच्यामागे आत गेला. अंगणात दोन बायका उरल्या, आणि सात मीटर पंख.

"काकू, तो ससा खरंच कच्चा होता," सोलांज म्हणाली.

"सांगितलं होतं मी."

०

ब्लेझ सोमवारी सकाळी सातला अंगणात आला तेव्हा पंख दवाने ओले होते. त्याने बाहीने ते पुसले. मग टोकाशी गुडघ्यावर बसून एक डोळा मिटला आणि धडापर्यंत नजर टाकली. अकरा बरगड्या एकीमागे एक अशा लपल्या की एकच दिसत होती. एकोणचाळीस वर्षांच्या कामात त्याने याहून सरळ काही केलं नव्हतं. गावच्या चर्चचं दारसुद्धा नाही. मग तो दादाच्या टोकाशी गेला. तिथून बरगड्या एकीखालून एक डोकावत होत्या, जिन्यासारख्या, प्रत्येक पायरी मागच्या पायरीइतकीच. त्याने मोजल्या. परत मोजल्या. चूक अशी नसते. चूक कधी इतकी समान नसते.

हे त्याला काल का दिसलं नाही? कारण काल त्याने बघितलंच नव्हतं. दादाचा पंख तो का बघेल?

नऊ वाजता तपासनीस पेलिसाँ साहेब आले. रुमालाने चष्मा पुसला, बोटांच्या पेरांनी बरगड्या ठोकल्या, सरस नखाने खरवडून पाहिला. डाव्या पंखापाशी हं म्हणाले. उजव्यापाशी चष्मा काढून परत लावला.

"हा कुणी केला?"

"मी," ब्लेझ म्हणाला.

"बावीस वर्षं पंख बघतोय. असं काम पाहिलं नाही. फर्निचर आहे हे." त्यांनी पेन काढलं, तीन कागदांमध्ये कार्बन घातला, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. "उजवा पंख. निर्दोष."

आर्सेनने श्वास सोडला. सोलांज बुटांकडे बघत होती. तिच्या हातात तिची वही होती, आणि ती वही तिने दोन्ही हातांनी अशी धरली होती की कालचं सगळं बोलणं परत सुरू होणार हे उघड होतं. मातिल्द दारात. ब्लेझला फक्त गप्प बसायचं होतं. या घराण्यात तेवढं सगळ्यांना येतं.

"त्यात पीळ नाही," ब्लेझ म्हणाला.

"दिसतंय की. म्हणून तर लिहिलं."

"असायला हवा होता."

पेलिसाँ साहेबांनी कान पुढे केला. "काय असायला हवा होता?"

"पीळ. अडीच अंश. पुतणीने नकाशावर लिहिला होता. मी काढला." त्याला प्रत्येक वाक्याला जरा थांबावं लागत होतं. "दादाचा बरोबर आहे. माझा चुकलाय."

"पण मी लिहून झालंय."

"खोडा."

"शाईने लिहिलंय. तिन्ही प्रतींवर उमटलंय."

"मग तिन्हींवर खोडा."

साहेबांनी सोलांजकडे पाहिलं, आर्सेनकडे पाहिलं, निर्दोष पंखाकडे पाहिलं. आपलं काम चुकलंय असं सांगणारा सुतार त्यांच्या खात्याच्या कुठल्या रकान्यात बसतो हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी खोडलं. फार नाराजीने, पट्टी लावून.

"प्लायवूड सगळं फाडावं लागेल," आर्सेन म्हणाला. "बरगड्या सुट्ट्या कराव्या लागतील. तीन महिने गेले तुझे."

"मोजता येतं मला."

"मी येईन."

"ये. पण आपला रंधा घेऊन ये. माझा कुणाला देत नाही."

ब्लेझ सोलांजकडे वळला. तिला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार, नकाशावर शब्द कसे लिहावेत यावर. तिने तयारीही केली होती. पण तो नुसता उभा राहिला, हात खाली सोडून, आणि जन्मात पहिल्यांदाच शिकाऊ माणसासारखा दिसला.

"परत सांग," तो म्हणाला. "काल मी ऐकलं नाही. वारा सोडतो म्हणजे काय? कुठून आधी सोडतो?"

सोलांजने वही मातिल्दच्या हातात दिली. मग काकांचा उजवा हात घेतला, सुताराचा, जाड, अंगठ्याला जुना वण असलेला, आणि तो खांद्यातून सरळ बाहेर धरला. पंजा सपाट. मग तिने पंजाची पुढची, अंगठ्याकडची कड किंचित खाली वळवली.

"इतकाच?" ब्लेझने विचारलं.

"इतकाच."

त्याने हात तसाच धरून ठेवला. आर्सेन बघत होता. मातिल्दने वहीचं पहिलं पान उघडलं आणि उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली.

सोलांज मार्सोलिए ते विमान १९८१ पर्यंत उडवत होती. एकूण सहाशे बारा तास.